शेरिफच्या होल्स्टरमध्ये काय होतं

आमच्या काउंटीत माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, मेंढ्यांपेक्षा वारा जास्त आणि या सगळ्यांपेक्षा 'धुळीचा कायदा' बघणारे जास्त. शेवटचा हिशोब जमत नाही हे मला कळतं, पण आमच्यातले काही जण एकच भाग दोनदा बघतात.

ही दर गुरुवारी टीव्हीवर लागणारी मालिका. तिच्यात डॅश ब्रॅनिगर नावाचा शेरिफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, आहे. म्हणे आमच्यासारख्याच एका उजाड काउंटीतला. त्याच्याकडे हातभर लांब चंदेरी रिव्हॉल्व्हर असतं. दारातून आत शिरताना तो रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारी मागची कळ, मागे ओढतो, कट्-खट्. प्रश्न विचारताना ओढतो. उत्तर ऐकून पुन्हा ओढतो. मधल्या वेळात तो घोडा खाली कधी जातो हे दिग्दर्शकालाच ठाऊक. सहा गोळ्यांच्या त्या हत्यारातून तो अख्खी टोळी झोपवतो, नळीवर फुंकर मारतो आणि मग एखाद्या विधवेच्या कानात काहीतरी कुजबुजतो. आणि तिला ते ऐकू येतं! बंद खोलीत एवढे बार उडाल्यावर कुजबुजणं सोडा, आगीचा बंबही ऐकू यायचा नाही. शिवाय इतकी माणसं मारून हा गृहस्थ एकही फॉर्म भरत नाही. मी आमच्या शेरिफच्या हाताखालची डेप्युटी आहे, फॉर्म मी भरते, त्यामुळे मला हे जास्त लागतं.

आमचा खरा शेरिफ म्हणजे ऑरव्हल टँगन. त्याचं पिस्तूल काळं, चौकोनी, दिसायला भिंतीला भोक पाडायच्या यंत्राची धाकटी बहीण. इतक्या वर्षांत त्याने ते कामासाठी एकदाच चालवलं, ट्रकने उडवलेल्या एका हरणाची सुटका करायला. त्यानंतर तो आठवडाभर नीट जेवला नव्हता.

लोकांना हे पुरेनासं झालं. लॅव्हिनिया क्रप नावाच्या आजीबाई आठवड्यातून एकदा तरी फोन करायच्या.

"नोरीन, माझ्या अंगणात साळिंदर आलं होतं."

"शेरिफ आले होते ना, आजी?"

"आला होता. त्याने टोपी काढली आणि साळिंदराला हुश्श म्हणाला."

"मग गेलं का?"

"गेलं! पण ही काय पद्धत झाली? बंदुकीला हातसुद्धा लावला नाही मेल्याने. मी शेजारणीला बघायला बोलावून ठेवलं होतं."

आमच्याकडे शेरिफ निवडून येतो, आणि निवडणूक तोंडावर आली होती. ऑरव्हलच्या विरोधात उभा राहिला रेक्स पॉलिंग. हा पूर्वेकडून आलेला माणूस, डुंबत बसायचे गरम पाण्याचे हौद विकतो. आमच्याकडे पाणीच नाही, त्यामुळे त्याला मोकळा वेळ भरपूर. त्याने डॅशसारखी मिशी ठेवली, डॅशसारखा कोट शिवला आणि डॅशसारखं चंदेरी रिव्हॉल्व्हर घेतलं. सभेला म्हणून तो काही बोलायचाच नाही. नुसता उभा राहायचा, कट्-खट् करायचा, आणि पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं टाळ्या वाजवायची. आवाज मात्र तो दर वेळी कोटाच्या आत हात घालूनच काढायचा. त्याचं कारण आम्हाला नंतर कळलं.

ऑरव्हल हरला असता तर त्याला त्याच्या मेव्हण्याकडे टर्की पाळायला जावं लागणार होतं. दुसरी नोकरीच नव्हती इथे. मेव्हणा गस उत्साही माणूस. त्याने निवडणुकीआधीच एक टोपी शिवून आणली, तिच्यावर टर्कीचं चित्र आणि खाली 'ऑरव्हल' असं भरतकाम. ती टोपी ऑरव्हलच्या स्वयंपाकघरात खुंटीला लटकत होती. तो रोज सकाळी तिच्याकडे पाठ करून कॉफी प्यायचा.

"टर्कींना मी आवडत नाही, नोरीन," तो मला म्हणाला होता. "मी आत गेलो की सगळ्या एकदम गप्प होतात. माझ्याविषयीच बोलत असणार."

आता त्या दिवसाची गोष्ट. काउंटीच्या जत्रेत, मेंढ्यांचा लिलाव होतो त्या रिंगणात, दोघा उमेदवारांचा जाहीर वादविवाद ठरला होता. सरकारी गाडीला हरणाने धडक दिल्यामुळे ऑरव्हल आपला पांढरा पिकअप घेऊन निघाला. मी शेजारी. वाटेत कॅफेत थांबून आम्ही दोघांनी पाय खाल्ला. म्हणजे सफरचंदाचा, गोड. कॅफेच्या बाकावर बसलं की पिस्तूल बरगडीत टोचतं, म्हणून ऑरव्हलने ते पिकअपमध्ये दोन सीटांमधल्या खणात ठेवलं. हे नियमात बसत नाही, पण त्याचं पोट पट्ट्यात बसत नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पिकअपची किल्ली पिकअपमध्येच राहते. काढून घेतली तर शेजाऱ्याला वाटतं, याने आपल्याला चोर ठरवलं. आणि पिकअप सगळ्यांचेच पांढरे, कारण डीलर एकच आणि त्याला बाकीचे रंग भडक वाटतात. त्यामुळे गाड्यांची अदलाबदल होते. रविवारी चर्चबाहेर सगळे आपापली ओळखून घरी नेतात. एक पिकअप तर गेली चार वर्षं काउंटीभर फिरतोय, तो नक्की कुणाचा हे कुणालाच माहीत नाही, पण पेट्रोल सगळे टाकतात.

जत्रेच्या मैदानात पोचल्यावर ऑरव्हलने खणात हात घातला आणि तो तसाच बसून राहिला.

"साहेब, काय झालं?"

"नोरीन, हा खण चिकट आहे."

मी नीट वास घेतला. ओली लोकर, तंबाखू, मेंढरं. हा पिकअप बेन्यात एचेव्हेरींचा होता. एचेव्हेरी म्हणजे डोंगरावर मेंढ्या राखणारे, मूळचे स्पेनकडचे बास्क म्हातारबुवा. त्यांना चष्म्याशिवाय पिकअप आणि चर्च यातला फरक कळत नाही, आणि चष्मा ते फक्त कुणाच्या मयताला जाताना लावतात. कॅफेबाहेरून आमचा पिकअप घेऊन, त्यातल्या पिस्तुलासकट, ते डोंगरावर गेले होते. तिथे फोन लागत नाही.

"कमरेला रिकामं होल्स्टर लावून रिंगणात जाऊ?" ऑरव्हल म्हणाला. "समोर तो चांदीची तोफ घेऊन उभा."

"खणात काय आहे?"

त्याने बाहेर काढली ती मेंढ्यांना जंताचं औषध पाजायची पिचकारी. तिला पिस्तुलासारखीच काळी मूठ असते, पिस्तुलासारखाच चाप, आणि पुढे काचेची नळी, तिच्यात निळं औषध. मेंढ्याच्या जबड्यात सरकवायची, चाप दाबायचा, पुढचा मेंढा. आमच्या काउंटीत पोरं चालायला लागण्याआधी हे शिकतात. मी ती होल्स्टरमध्ये खोचून बघितली. नुसती मूठ बाहेर राहिली. शपथेवर सांगते, त्याच्या नेहमीच्या पिस्तुलापेक्षा बरी दिसत होती.

"फक्त बाहेर काढू नका," मी म्हणाले.

"मी कधी काढतो?" तो म्हणाला. हे मात्र खरं होतं.

रिंगण खचाखच भरलं होतं. सूत्रसंचालन ग्रंथपाल हल्डाबाईंकडे. त्यांनी पायच्या स्पर्धेतली घंटा टेबलावर ठेवली होती. ऑरव्हल पहिल्यांदा बोलला. गुरांची चोरी, बर्फात अडकलेल्या गाड्या, दारू पिऊन ट्रॅक्टर चालवणं. सगळं मुद्देसूद आणि खरं, त्यामुळे मागच्या रांगेत दोघे झोपले.

मग रेक्स उठला. कोट बाजूला सारला, ते चंदेरी धूड बाहेर काढलं, आभाळाकडे धरलं आणि घोडा ओढला. कट्-खट्.

"आहाहा," लॅव्हिनिया आजी म्हणाल्या.

"ऑरव्हल, आता तुझी दाखव!" कुणीतरी ओरडलं.

"मंडळी, कारणाशिवाय शस्त्र बाहेर काढू नये."

"डॅश काढतो!"

"डॅशच्या फॉर्मांना कोण विचारतं," मी खालून म्हणाले, पण माझं कुणी ऐकलं नाही.

"काढ रे! का विकून खाल्लीस?"

ऑरव्हलचे कान लाल झाले. मला खुंटीवरची टोपी दिसायला लागली. तेवढ्यात हल्डाबाईंनी घंटा वाजवली.

"रेक्स, वेळ संपला. ठेवा ते आता."

"ठेवतोय," रेक्स म्हणाला. पण ठेवेना. त्याच्या मिशीवर घाम जमला होता.

"रेक्स?"

"बाई, हा घोडा ओढल्यावर... खाली कसा करतात?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"सभेत मी आजवर कोटात हात घालून नुसती जीभ वाजवायचो. आज पहिल्यांदाच खरा ओढला. मालिकेत तो कधी खाली करतच नाही हो! घोडा ओढतो आणि पुढचं दृश्य येतं."

आम्ही सगळे पुढच्या दृश्याची वाट बघू लागलो. ते येईना.

"भरलेलं आहे का ते?" ऑरव्हलने शांतपणे विचारलं.

"अर्थात! रिकामं घेऊन फिरलो असतो तर ती मतदारांची फसवणूक झाली असती."

यावर मतदार बसायच्या फळ्यांखाली गेले. इतक्या लवकर इतकी माणसं इतक्या कमी जागेत मी कधी पाहिली नव्हती. रिंगणात उरले रेक्स, ऑरव्हल, मी आणि बक्षीस मिळालेला एक मेंढा, त्याला बांधलेलं होतं म्हणून. रेक्सचा हात भरून आला आणि ती नळी हळूहळू आभाळावरून उतरत सगळ्या काउंटीकडे वळायला लागली.

"ऑरव्हल, मेल्या, आता तरी काढ बंदूक!" फळीखालून आजींचा आवाज आला.

समोर रोखलेलं शस्त्र दिसलं की हात होल्स्टरकडे जातो. प्रशिक्षणात तो तसा घडवलेला असतो, मालकाला विचारत नाही. ऑरव्हलचा हात गेला आणि त्याने भर रिंगणात ती पिचकारी बाहेर काढली. निळं औषध उन्हात चमकलं. फळ्यांखालून माना लांब झाल्या. मेंढ्याने मात्र लगेच ओळखलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"हे... हे काय आहे?" रेक्सने विचारलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

ऑरव्हल त्याच्याशी बोलत बोलत पुढे सरकत होता, साळिंदराशी बोलतो तसाच. "काही नाही रे. हात वर ठेव. बोट चापावरून काढ. चापावरून म्हटलं. ते दुसरं बोट." मग त्याने डावा हात वरून टाकून ते रिव्हॉल्व्हर घट्ट धरलं आणि अंगठा घोड्याच्या खाली सरकवला. रेक्स दचकला. दचकला आणि त्याने चाप ओढला.

घोडा आपटला तो ऑरव्हलच्या अंगठ्यावर. बार उडालाच नाही. जो आवाज झाला तो ऑरव्हलचा होता. आणि माणसाचा एक हात चिमटला की दुसऱ्या हाताची मूठ आपोआप आवळते. त्या दुसऱ्या मुठीत पिचकारी होती. पिचकारीसमोर उघडं तोंड होतं. मेंढ्याचा पूर्ण डोस रेक्स पॉलिंगच्या घशात उतरला, आणि आमच्या भागात वाढलेल्या कुणीही केलं असतं तेच ऑरव्हलने केलं. पिचकारी टाकून त्याच हाताने रेक्सची हनुवटी वर केली आणि गिळेपर्यंत गळा चोळला.

"शाब्बास," तो म्हणाला. तेही सवयीने.

मी रिव्हॉल्व्हर काढून घेतलं, त्यातल्या गोळ्या काढल्या. मेंढ्यांचं परीक्षण करायला आलेल्या पशुवैद्य बाई फळीखालून रांगत बाहेर आल्या.

"वजन किती तुमचं?"

रेक्सने सांगितलं.

"मग डोस बरोबर बसलाय. वसंतापर्यंत जंतांची काळजी नाही. फक्त आठवडाभर कत्तलखान्यात जाऊ नका, औषध उतरेपर्यंत कापायचं नसतं."

"मी मरणार का हो?"

"नाही, म्हणूनच सांगतेय."

टाळ्या सुरू झाल्या. आधी फळ्यांखालूनच, कारण बाहेर यायला जागा सुटत नव्हती. तेवढ्यात मैदानात आमचा पिकअप येऊन थांबला आणि एचेव्हेरीबाबा उतरले. त्यांच्या हातात ऑरव्हलचं पिस्तूल होतं, नळीकडून धरलेलं.

"ऑरव्हल, बाळा, पिकअप तुझा निघाला, आणि ही तुझी पिचकारी फार निकृष्ट आहे. तीन मेंढे तोंड उघडून उभे केले, त्यांच्या जबड्यात घातली. पण औषध कुठून भरायचं तेच सापडेना. म्हटलं, चाप दाबायच्या आधी विचारून यावं."

ऑरव्हलने आधी तिन्ही मेंढ्यांची खुशाली विचारली. मी बाबांच्या हातातून पिस्तूल घेतलं. त्याला मेंढ्याची लाळ लागली होती. हल्डाबाईंनी घंटा वाजवून वाद संपल्याचं जाहीर केलं.

ऑरव्हल निवडून आला, चांगल्या मतांनी. काही मतपत्रिकांवर लोकांनी त्या मेंढ्याचंही नाव लिहिलं होतं, पण तो काउंटीचा रहिवासी नव्हता. रेक्सने हौदांचा धंदा बंद केला आणि गसकडे टर्की सांभाळायला लागला. टोपी तयारच होती, वाया कशाला घालवायची. डोक्यावर 'ऑरव्हल' लिहिलेला रेक्स पुढे आणि मागे रांगेत टर्की, असं रस्त्यावरून दिसतं. त्यांना तो फार आवडतो.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतात. ऑरव्हलचा अंगठा दोन महिने पट्टीत ताठ उभा होता, त्यामुळे तो अंगठाच दिसायचा. लोकांना वाटायचं, शेरिफ म्हणतोय सगळं उत्तम चाललंय. तक्रारी निम्म्याने घटल्या.

परवा गुरुवारी मात्र फोन वाजला. लॅव्हिनिया आजी.

"नोरीन, तो डॅश घोडा ओढून तसाच झोपायला गेला! उशीखाली ठेवलंय मेल्याने! कुणीतरी जाऊन बघा."

मी ऑरव्हलकडे पाहिलं. त्याने टोपी उचलली, होल्स्टर चाचपलं.

"सांग, निघालोय म्हणून," तो म्हणाला. "आणि म्हणावं, मी येईपर्यंत टीव्ही बंद करू नका. पुढचं दृश्य आलं तर बाकी काही नको, तो घोडा कुठे आहे तेवढं बघून ठेवा."