भगताची उडालेली झोप

माझ्या नवऱ्याला, बुधाला, अक्कल कधी नव्हतीच. पण एक काम त्यानं शहाणपणाचं केलं. वाघानं त्याचा बैल जिता सोडला, म्हणून वाघोबापुढं शपथ घेऊन गांजाची चिलीम टाकली. टाकली आणि झोप उडाली. दरदरून घाम, डोळा लागला की घाणेरडी स्वप्नं. आमची सुईण सुकरी म्हणाली, "पोशे, गांजा सुटतोय, दुसरं काही नाही. दमेपर्यंत कामाला लाव, सांजेला ऊन पाण्यानं न्हाऊ घाल. होईल बरा."

एवढं सरळ बोललेलं पटेल तर तो बुधा कसला! गेला भगताकडं, त्या लाडक्याकडं. भगतानं सुपात तांदूळ टाकले, दोन-दोन दाणे जुळवले, एक उरला. म्हणाला, "तुझ्या छातीवर भुताळी बसते. सुकरी."

माझं डोकंच फिरलं. भुताळी ठरली की बाईची झोपडी मोडतात, तिला पाड्याबाहेर हाकलतात. या म्हातारीनं पाड्यातली निम्मी पोरं आपल्या हातांवर झेलली, लाडक्याचीसुद्धा. आणि बोलतो कोण? दिवसाला पाच चिलमी ओढणारा! जव्हारला राजाच्या कचेरीत जावं, तर तिथं माझं कोण ऐकणार?

मी भर पंचांत उभी राहिले. "भगता, तूही चार दिवस चिलीम सोड. झोप लागली तर सुकरीला मीच हाकलीन. नाही लागली, तर हा सगळा गांजाचा खेळ. कबूल?" माणसं हसली. लाडक्याला मिशी खाली घेता येईना, कबूल झाला.

तिसऱ्या सकाळी त्याचं थोबाड बघण्यासारखं होतं. डोळे लालबुंद, हात लटलटताहेत. म्हटलं, आता बोल की मेल्या!

बोलला. पुन्हा तांदूळ टाकले आणि ओरडला, "मी तिचं नाव घेतलं ना, आता ती माझ्याही छातीवर बसली!"

आणि पाड्याला ते पटलं. माझी पैज एकालाही आठवली नाही. दुपारपर्यंतही थांबले नाहीत मेले. झोपडी मोडली, म्हातारी एक गाडगं आणि घोंगडी घेऊन मोखाड्याच्या वाटेला लागली. मी आडवी गेले, तर बुधानंच दंड धरून मला मागं ओढलं. थू असल्या नवऱ्यावर!

ती दिसेनाशी झाली आणि भगतानं चिलीम पेटवली. चार झुरके मारले, तिथंच आंब्याखाली आडवा होऊन घोरू लागला.

"बघितलंत?" लोक म्हणाले. "भुताळी गेली, झोप आली."

माझा नवरा सगळ्यांत पुढं होता, भगताच्या पायांवर डोकं ठेवून.