न बसलेली कडी

मी एक जुने लोखंडी फाटक आहे. उंची माणसाच्या छातीइतकी, रंग कधीकाळी हिरवा. मित्रांनो, फाटकाला कोणी त्याची कहाणी विचारत नाही. लोक मला ढकलतात आणि पुढे जातात. पण माझ्या मनात एक गोष्ट बरीच वर्षे सलते आहे. ती आज तुम्हाला सांगून टाकते.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. कोणाच्या तरी खिडक्यांचे गज उरले होते, त्यांतून त्याने मला जुळवले. तो तोंडापुढे काळी काच धरून ठिणग्या उडवायचा आणि त्याची बायको गज सरळ धरून उभी राहायची. मी तयार झाल्यावर त्याने मला दोन लाथा घातल्या. मी हलले नाही. तेव्हा तो बायकोला म्हणाला, "हत्तीने धडक दिली तरी हे जागचं हलायचं नाही." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळाल्या नाहीत, म्हणून ती लक्षात राहिली.

मला एका बैठ्या घरापुढे बसवले. त्या घरात एक नर्सबाई राहायच्या. कितीही दमून आल्या तरी त्या माझी कडी लावायच्या आणि लागली की नाही ते एकदा हलवून बघायच्या. अकरा वर्षे मी त्यांच्या हाताखाली सुखात काढली. मग त्यांची बदली झाली आणि ते घर एका चष्मेवाल्यांनी घेतले. बाजारात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. नवरा-बायको दोघेही तिथेच बसत. सकाळी नऊला घर बंद व्हायचे, ते दिवेलागणीनंतर उघडायचे.

माणसे चांगली होती, हे मला आधीच सांगायला हवे. चष्मेवाल्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, तर कोणाचे दुःख बघवत नसे. घर ओकेबोके वाटते म्हणून त्यांनी कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरवले आणि एकट्याला करमणार नाही म्हणून दोन आणली. एक तपकिरी, वाटोळ्या पोटाचा. त्याचे नाव पडले भोपळ्या. दुसरी काळीभोर, काटकुळी, ती काजळ. पहिले दोन महिने दोघांचे काय कौतुक झाले! मग पिल्ले वाढली आणि कौतुक तेवढेच राहिले, किंबहुना आटले. दुकानाच्या घाईत पाण्याचे एक भांडे, जेवणाचे एक भांडे अंगणात ठेवले जाई आणि नवरा-बायको निघून जात. फिरवायला नेणे नाही, शिकवणे नाही.

दिवसभर ती दोघे माझ्या गजांतून नाके बाहेर काढून बसत. पोस्टमन गेला की भुंकत, सायकल गेली की भुंकत, कधी नुसते पान उडाले तरी भुंकत. गल्लीत सगळे म्हणायचे, कुत्री फार रागीट आहेत. मित्रांनो, मी त्यांच्या नाकाला नाक लावून उभे असायचे. ती रागीट नव्हती. ती कंटाळलेली होती.

त्यातच एकदा सामान आणणारी गाडी मागे घेताना मला धडकली. मी जागचे हलले नाही, पण माझी एक बिजागरी वाकली आणि मी किंचित खाली झुकले. तेव्हापासून मला थोडे वर उचलून धरले तरच माझी कडी खाचेत बसे. नुसती सरकवली तर लागल्यासारखी दिसे, पण लागत नसे. चष्मेवाले घाईत ती नुसती सरकवून जायचे. भोपळ्याला हे गुपित आठवडाभरात कळले. तो पुढचे दोन पाय माझ्यावर टेकायचा, कडी निसटायची आणि दोघे रस्त्यावर.

शेजारच्या घरात घड्याळदुरुस्ती करणारे काका आणि काकू राहत. काकांचे टेबल पुढच्या खोलीत खिडकीला लागून होते. एका डोळ्याला भिंग लावून ते तासन्‌तास बसत. तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू ते चिमट्याने उचलायचे आणि घड्याळ दुरुस्त झाले की कानाशी धरून त्याची चाल ऐकायचे. आता ती चाल त्यांना भुंकण्यातून ऐकू येईना. कानाशी घड्याळ धरून ते कुत्री गप्प होण्याची वाट बघत बसलेले मी कितीदा पाहिले आहे.

पहिल्यांदा ते सांगायला आले तेव्हा त्यांचाच स्वर अपराध्यासारखा होता. फाटकाची कडी नीट बसत नाही असे वाटते, हवे तर मी बघतो, असे ते म्हणाले. चष्मेवाले हसले.

"अहो काका, नका काळजी करू. आमची कुत्री काही करत नाहीत."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकले की ते मला पाठ झाले. भोपळ्याने काकूंची एक चप्पल पळवली, तेव्हा चष्मेवाल्यांनी नवा जोड आणून दिला आणि तेच म्हटले. काजळने वाळत घातलेली चादर चिखलात लोळवली, वहिनींनी ती धुऊन दिली आणि तेच म्हटले. काकांनी एकदा स्वतःच मला सुतळीने बांधले. दोन दिवसांत कुत्र्यांनी ती चावून तोडली. या रविवारी वेल्डरला आणतोच, असे चष्मेवाले दर वेळी म्हणत. रविवार येई आणि आपला निघून जाई.

काकू चिडत. म्हणत, "जगाचे डोळे तपासतो, पण भिंतीपलीकडचा शेजार दिसत नाही त्याला." त्यांनी एकदा नगरपालिकेला द्यायला तक्रारीचा अर्जही लिहिला. काकांनी तो वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. अर्ज गेला तर कुत्र्यांनाच उचलून नेतील, असे त्यांचे म्हणणे पडले.

मग ती दुपार आली. काकांनी शाळेचे भिंतीवरचे मोठे घड्याळ दुरुस्त केले होते. ते दोन्ही हातांनी छातीशी धरून ते पोचवायला निघाले होते. भोपळ्याला काका दिसले. तो आनंदाने माझ्यावर झेपावला. वेल्डरने मला ज्यासाठी बनवले होते ते काम करायचा तोच क्षण होता. कडी निसटली आणि मी उघडले.

ती दोघे भुंकत धावली. त्यांना खेळायचे होते, दुसरे काही नाही. काजळ काकांच्या पायांत घुसली आणि त्यांचा तोल गेला. पडता पडता त्यांनी डाव्या हाताने घड्याळ वर उचलून धरले आणि सगळा भार उजव्या मनगटावर आला. घड्याळाला ओरखडाही पडला नाही. मनगट दोन ठिकाणी मोडले.

दुकानात निरोप गेला तसे चष्मेवाले धावत आले. दारात काकू उभ्या होत्या. घाबरून चष्मेवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चावली तर नाहीत ना?"

"नाही," काकू म्हणाल्या. "चावली नाहीत. हात तेवढा मोडलाय."

त्यानंतर काकू पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्या माणसाला लाज वाटली, हे मी जवळून पाहिले. पण लाजेच्या भरात माणूस शहाणाच वागतो असे नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे, वहिनी उठायच्या आत, त्यांनी दोन्ही कुत्र्यांना गाडीत घातले. गाडीत बसायला मिळाले म्हणून भोपळ्याची शेपूट थांबत नव्हती. मी ती माझ्या गजांवर आपटत जाताना ऐकली. तासा-दोन तासांनी गाडी रिकामी परत आली. नदीपलीकडच्या वीटभट्ट्यांपाशी त्यांना सोडून आलो, असे त्यांनी वहिनींना सांगितले. वहिनी पायरीवर बसून राहिल्या. त्या दिवशी त्या दुकानात गेल्या नाहीत.

गल्ली शांत झाली. आता घड्याळाची चाल सहज ऐकू आली असती, पण काकांचा हात प्लॅस्टरमध्ये होता. दुपारी चष्मेवाले त्यांना भेटायला निघाले, तर काकाच माझ्यापाशी आलेले. आता त्रास होणार नाही, कुत्री कायमची लांब सोडली, असे त्यांनी काकांना सांगितले. त्यांना वाटले असावे, काकांना बरे वाटेल.

काकांनी डाव्या हाताने माझी कडी सरकवून पाहिली. मग म्हणाले, "मी तुम्हाला कडी बसवा म्हणालो होतो. कुत्री टाकून या म्हणालो नव्हतो."

त्याच दुपारी चष्मेवाले नदीपलीकडे गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. नवव्या दिवशी काजळ एकटीच आली, एक कान फाटलेला, मागचा पाय उचलून धरलेला. माझ्यापाशी येऊन तिने नाक गजांत घातले आणि ती भुंकली नाही. भोपळ्या आला नाही. चष्मेवाल्यांनी वर्षभर दर रविवारी त्याला शोधले. वीटभट्टीवरचे लोक त्यांना लांबून ओळखू लागले होते. तो सापडला नाही.

वेल्डर येऊन गेला. त्याने माझी बिजागरी सरळ केली, नवी कडी बसवली. काम पाऊण तासाचे होते. एवढ्यासाठी आम्ही दोन वर्षे थांबलो होतो.

आता काजळला रोज सकाळी पट्टा लावून फिरवून आणतात. वहिनी दुपारी घरी असतात. काजळ आता क्वचित भुंकते. काकांचे हाड जुळले, पण बोटांत पूर्वीची नजाकत परत आली नाही. चिमटा धरला की हात थरथरतो. चष्मेवाल्यांना चष्म्याचे बारीक स्क्रू बसवायची सवय आहे. एक दिवस ते काकांच्या टेबलापाशी जाऊन बसले. तेव्हापासून दुकान बंद झाले की तासभर काका सांगतात आणि ते स्क्रू बसवतात. काकू चहा ठेवतात, पण दोनच कप. तिसरा कप अजून आलेला नाही आणि चष्मेवाल्यांनीही तो कधी मागितला नाही.

मागच्या आठवड्यात गल्लीच्या टोकाच्या घरातले एक नवे जोडपे आले. त्यांना पिल्लू आणायचे होते. कोणत्या जातीचे चांगले, असे ते विचारत होते.

चष्मेवाल्यांचा हात माझ्यावर होता. त्यांनी विचारले, "दिवसा घरी कोण असतं?"

दोघेही नोकरीला जातो, असे ती मुलगी म्हणाली.

"मग थोडं थांबा," ते म्हणाले. "आमच्याकडेही कोणी नसायचं."

मित्रांनो, मी लोखंडाचे आहे. मला आवर घालता येतो, माया करता येत नाही. ते काम तुमचे. मुक्या जिवाला घरी आणाल तर त्याला वेळ द्या, चार गोष्टी शिकवा, रोज फिरवा. शेजारी काही सांगायला आला तर त्याचे म्हणणे त्याच दिवशी ऐका. आणि आपल्या चुकीची शिक्षा त्या जिवाला देऊ नका. तो तुमच्या गाडीत शेपूट हलवतच बसेल.