मागच्या चार धरून

सहायकाने तेच प्रतिज्ञापत्र चौथ्यांदा छापलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि घडी करून आधीच्या तीन प्रतींसारखं खिशात कोंबलं. खिसा फुगून टम्म झाला होता. अकराला पत्रकारांसमोर त्यावर उमेदवार ताईंची सही होती आणि पावणेअकरा वाजले होते.

प्रचार कार्यालयात त्याला झाडून सगळे 'ताईंचा चष्मा' म्हणत, आणि त्याला कारणही तसंच होतं. सभेत कोणी अडचणीचा प्रश्न विचारला, की ताई पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्याकडे बघत. चष्मा नाकावर असेल, तर प्रश्न टोलवायचा. काढलेला दिसला, तर बेधडक हो म्हणायचं. बावीस वर्षांत चार निवडणुका या खुणेवर निघाल्या. विरोधकांना वाटे, बाई भलत्याच हजरजबाबी!

काल मात्र घात झाला. ताई ठरलेलंच बोलत होत्या : निवडून आल्यावर पहिलं काम म्हणजे सभागृहात कोणालाही दोनच खेपा बसता येईल असा कायदा. टाळ्या चालू असतानाच एक निवृत्त शिक्षिका उठली.

"तुमच्या मागच्या चार खेपाही त्यात धरणार का?"

नेमका तेव्हाच घाम काचांवर ओघळला, म्हणून त्याने चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसून तो पुन्हा चढवेपर्यंत ताई बोलून गेल्या होत्या, "धरणार! कायदा झाला, की पुढच्या वेळी सगळ्यात आधी मी घरी."

लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. त्याच्या पायांखालची जमीन सरकली. ताई घरी, म्हणजे तोही घरी. धाकटीचं शिक्षण अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालण्यापलीकडे काही न येणाऱ्या माणसाला या वयात दारात तरी कोण उभं करणार?

ताईंचा भाचा दारातून डोकावला. प्रचाराची सगळी सूत्रं त्याच्याकडे.

"काका, 'मागच्या खेपा सोडून' असं टाका. मधेच कुठेतरी, बारीक अक्षरात. कोण वाचतंय!"

"ताईंनी भर सभेत सांगितलंय."

"मावशीनं तुमच्याकडे बघून सांगितलंय. तुम्हीच निस्तरा आता."

तो गेला. सहायक पाणी प्यायला, त्याने खुर्ची पुढे ओढली, मागे सारली, आणि पाचवी प्रत काढली. तिच्यात 'सोडून' होतं. खिशातल्या चारांपैकी दोनांत 'धरून' होतं. उरलेल्या दोनांत त्याने ते वाक्यच गाळलं होतं.

आतल्या खोलीत ताई गुडघ्याला पट्टा आवळत बसल्या होत्या.

"झालं का रे?"

त्याने कागद पुढे केला. त्यांचा हात पोचायच्या आत मागे घेतला.

"ताई, काल मी हो म्हणालो नव्हतो. चष्मा नुसता पुसत होतो. चूक माझी आहे. पाहिजे तर पत्रकारांना मीच सांगतो, की..."

"पुसत होतास ते दिसलं मला," पट्ट्याचं टोक खोचत ताई म्हणाल्या. "हो म्हणायचं असलं, की तू चष्मा नुसता हातात धरतोस. बावीस वर्षं बघतेय."

त्याने कागद टेबलावर ठेवला.

"मग?"

"मग काय! भाच्याला बोलू नकोस. तुझ्यामुळे झालं असंच वाटू दे त्याला. घरात भांडायला त्राण नाही आता माझ्यात. तुला चार शिव्या बसतील."

"आणि माझं, ताई?"

"तुला पाच वर्षं आधी सांगतेय. निवडून आलो तर." त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "मला कोणी इतकं आधी सांगितलं नसतं."

बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. त्याने खिसा टेबलावर रिकामा केला, एकेक घडी उलगडली, 'धरून' असलेली प्रत शोधली आणि तळहाताने दाबून सरळ केली. सुरकुत्या काही गेल्या नाहीत.

दिवाणखाना माणसांनी आणि दिव्यांनी तापला होता. तो पहिल्या रांगेत बसला, शेजारी भाचा. ताईंनी पेन उघडलं, तोच एका पत्रकाराने विचारलं, "मागच्या चार धरून? नक्की?"

ताईंनी सहायकाकडे पाहिलं.

त्याने चष्मा काढला. काचा घामाने पार धुरकटल्या होत्या. भाच्याने कोपराने ढोसलं, तरी त्याने त्या पुसल्या नाहीत.