खाकी कव्हरातली जुनी आवृत्ती

रश्मीला पुस्तकांना कव्हर घालायचं वेड होतं, आणि ते काही आजचं नव्हतं. लहानपणी पवनी गावात शाळा सुरू होताना, जून महिन्यात, तिचे बाबा, ताराचंद, खाकी कागदाची गुंडाळी घरी आणायचे, तेव्हा शेजारची पोरंसुद्धा दप्तरं घेऊन यायची. बाबांचे नियम दोनच. पुस्तकाला पाय लागला तर ते कपाळाला लावायचं, आणि पुस्तक रद्दीत द्यायचं नाही. ज्या घरातल्या आज्याला जातीमुळे कुणी शाळेच्या पाटीला हात लावू दिला नव्हता, त्या घरात हे नियम समजावून सांगावे लागत नसत.

भंडाऱ्याबाहेरच्या नव्या मेडिकल कॉलेजात ती ग्रंथपाल म्हणून रुजू झाली त्याला वीस दिवस झाले होते. त्याआधी सात वर्षं तिनं एका कला महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळलं होतं. तिथे पुस्तक जितकं जुनं तितका त्याचा मान मोठा. इथला कारभार उलटा. नवी आवृत्ती आली की जुनीवर 'रद्द' असा शिक्का मारायचा आणि ती कोठीत टाकायची. ग्रंथालयाचे पन्नाशीतले शिपाई इश्वरभाऊ यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मॅडम, जुने पुस्तकं बाजूले काढा. डॉक्टर लोकायले ते चालत नाही."

रश्मीनं शिक्के मारले. एका पुस्तकावर मात्र तिचा हात चालेना. किती वजनाच्या मुलाला कोणतं औषध किती द्यायचं ते सांगणारं, तळहातात मावेल एवढं पुस्तक. पानं धड, शिवण पक्की, समासात कुणीतरी जीव लावून काढलेली टिपणं. शनिवारी तिनं नव्या आवृत्तीला कव्हर घातलं आणि उरलेल्या कागदात जुनीलाही. दोन्हींवर वळणदार अक्षरात एकच नाव लिहिलं, दोन्ही मांडणीवर शेजारी शेजारी उभी केली, आणि वर मोबाइलवर त्यांचा फोटोही काढला.

मंगळवारी दुपारी ती डबा खाऊन परतली तेव्हा इश्वरभाऊ म्हणाले, "मुलायच्या वॉर्डातून अनुप डॉक्टरचा फोन होता, मॅडम. तिथं नेटवर्क नाही म्हणे. ते औषधाचं लहान पुस्तक पायजे होतं. मी देऊन आलो, अर्धा तास झाला."

रश्मीनं सवयीनं देवघेवीचं रजिस्टर पाहिलं. इश्वरभाऊंनी दाखल क्रमांक अगदी बरोबर टिपला होता, सत्त्याऐंशी. नव्या आवृत्तीचा क्रमांक सहाशेच्या पुढचा होता. म्हणजे वॉर्डात जुनीच गेली होती.

"भाऊ, हेच काहून नेलं?"

"दोनी सारखेच तं होते. हाताले लागलं ते नेलं."

तिनं मांडणीवरची नवी आवृत्ती ओढली. सुरुवातीलाच बदलांची यादी होती, ती तिनं आज पहिल्यांदा वाचली. तिसऱ्या ओळीत लहान मुलांच्या झटक्यांवरचं औषध होतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर आणलेलं होतं. तिनं वॉर्डाचा फोन फिरवला, तो लागेना. मग पुस्तक छातीशी धरून ती जिना उतरली आणि पटांगणातून पळत सुटली. कँटीनपाशी एक चप्पल निसटली, ती तिनं तिथेच सोडली. मुलांना झटक्यांशिवाय दुसरं काही होत नाही का, असं ती मनाशी म्हणत होती. खोकला असू दे. जुलाब असू दे.

वॉर्डात अनुप डॉक्टर टेबलाशी लिहीत बसला होता. शेजारी खाकी पुस्तक उघडं होतं.

"सर, ते पुस्तक जुनं आहे. माझ्यामुळे आलंय. तुम्ही त्यातून काही दिलंत का?"

अनुपनं दोन्ही पानं शेजारी धरली. त्याचा चेहरा उतरला. "सहा नंबरची मुलगी. झटके आले होते. दहा मिनिटं झाली देऊन." मग तो इतक्या घाईनं उठला की खुर्ची मागे पडली.

सहा नंबरच्या खाटेवर बपेरा गावची पाच वर्षांची राखी झोपली होती. उशाशी तिची आई तुळसा. अनुपनं ऑक्सिजन लावला, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला, सिस्टरला धावत पाठवून मोठ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. नंतर रश्मीजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "श्वास मंदावू शकतो. संध्याकाळपर्यंत बघावं लागेल. आईला मी सांगीन, पोरगी उठू दे."

रश्मी तिथून हलली नाही. राखीच्या छातीवर डोळे रोवून ती उभी राहिली. छाती वर यायची, खाली जायची आणि मग इतका वेळ तशीच राहायची, की रश्मीचाच श्वास अडकायचा. नोकरी जाईल, हे तिच्या मनात एकदा आलं आणि निघूनही गेलं. ही पोर उठली नाही तर बाबांसमोर आपण कोणत्या तोंडानं उभं राहायचं, एवढंच तिला कळत नव्हतं.

"लय झोपून राहिली न, बाई," तुळसा म्हणाली. "थकली असन."

रश्मीनं राखीच्या पायांवरची चादर नीट केली.

साडेपाचच्या सुमारास राखीनं मान हलवली. डोळे किलकिले करून तिनं पाणी मागितलं. मोठ्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान डोलावली. अनुप भिंतीला टेकून उभा होता, तो मटकन स्टुलावर बसला.

तुळसानं डॉक्टरांच्या टेबलावरचं तेच जुनं खाकी पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि लेकीच्या उशाशी ठेवलं. "याच्यातच पाहून औषध देल्लं न डॉक्टरनं? मी पाह्यत होतो. तुमच्या पुस्तकानं माही पोरगी वाचली, बाई."

अनुप काही बोलायला उठला, पण रश्मी आधी बोलली. थांबली असती तर तिला पुन्हा कधीच बोलता आलं नसतं. "नाही, ताई. याच्यात चुकीचं लिहिलं होतं. तुमच्या पोरीले औषध दुप्पट गेलं, म्हणून ती उठत नव्हती. हे पुस्तक फेकायचं होतं. मले फेकवलं नाही."

तुळसानं तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही, रडली नाही. तिनं उशाजवळचं पुस्तक दोन बोटांनी उचललं, वाकून खाली फरशीवर, चपलांशेजारी ठेवलं आणि लेकीला आपल्या बाजूला ओढून घेतलं.

रश्मी खाली वाकली. पुस्तक उचलून सवयीनं ती कपाळाकडे नेऊ लागली आणि तिचा हात अर्ध्यातच थांबला.