परसातली मुंडकी

शेजारच्या परसात नव्या खोलीचा पाया खणताना बोटभर लांबीचे पांढरे हात निघाले, मग पाय, मग लिंबाएवढं एक मुंडकं. दुपारपर्यंत एवढी गर्दी लोटली की मला माझ्याच फाटकातून आत शिरताना 'जरा सरका' म्हणावं लागलं.

खणणारे फावडी टाकून पळाले आणि मौनीबाबा अवतरले. हे नाव त्यांना कुणी दिलं देव जाणे. गृहस्थ श्वास घ्यायलाही थांबत नसत. ही या घरात जन्मू न शकलेली बाळं आहेत, असं त्यांनी सांगितलं. मानेमागे कोरलेला आकडा म्हणजे बाळ कितीदा दारातून परत फिरलं त्याची खूण. कुणाचं बोट तुटकं, कुणाचा डोळा वाकडा, म्हणजे दोष आईचाच.

आई म्हणजे शेजाऱ्यांची सून. दोनदा दिवस जाऊन फुकट गेले होते, आता पाचवा महिना. शेवटचं मुंडकं निघेपर्यंत तिनं औषध घ्यायचं नाही, दवाखान्याची पायरी चढायची नाही, असा हुकूम सुटला. सासूनं गोळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाई वाईट नव्हती, घाबरली होती. मी समजवायला गेलो तर म्हणाली, "तुम्हाला बोलायला काय जातंय?" खरंच होतं. पण आता बाबांचे भक्त रोज खणत होते, रोज नवी मुंडकी निघत होती, आणि सुनेच्या तोंडाकडे मला पाहवत नव्हतं. शेवटी मी तिच्या नणंदेला फोन केला. ती संग्रहालयात फुटकी जुनी भांडी जोडते.

ती आली तेव्हा चमत्कार ऐन रंगात होता. दिव्यावर ताटली, ताटलीत मुंडकं, आणि त्याच्या डोळ्यांतून थेंब ओघळत होते. बाळ रडतंय, आईनं माफी मागावी, असं बाबांचं चाललं होतं. सून सुजल्या पावलांवर हात जोडून उभी होती.

नणंदेनं ओढणीनं धरून मुंडकं उचललं आणि उलटं केलं. मानेच्या भोकात मातीचा बोळा होता. तो काढताच गरम पाणी बाबांच्या पायावर सांडलं. बाबांनी उडी मारली.

"आत पाणी, वर थोडी हवा," ती म्हणाली. "दिव्यानं हवा फुगते आणि डोळ्याच्या चिरेतून पाणी ढकलते."

मग तिनं चार मुंडकी पालथी मांडली. चारींच्या मानेवर एकच आकडा, साच्याचा. मानेखाली खांद्यांचा काठ होता, त्याला भोकं होती, कापडी अंगाला शिवण्यासाठी. इथं पूर्वी चिनी मातीच्या बाहुल्यांचा कारखाना असणार, ती म्हणाली. भट्टीत बिघडलेला माल मागं टाकून देत.

"चांगल्या बाहुल्या विकल्या गेल्या. खड्ड्यात खोटवाल्याच असणार. जन्मभर खणलंत तरी शेवटचं मुंडकं निघायचं नाही."

बाबा पहिल्यांदाच नावाला जागले. गर्दीतल्या एकानं उद्याचं दर्शन किती वाजता ते विचारून घेतलं.

सुनेनं एक मुंडकं हातात फिरवून पाहिलं. "म्हणजे ताई, हे भट्टीत बिघडलं. माझ्यामुळे नाही?"

"नाही गं. तुझं काय ते डॉक्टर सांगतील. बाहुलीला काय कळतंय?"

सासू आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. गोळ्या आणि पाण्याचा पेला तिनं सुनेच्या हाती दिला, मग खाली वाकून तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. दोघी तशाच दवाखान्यात गेल्या.

जमिनीतून काही निघालं तर घाबरा, त्यात लाज नाही. पण हात जोडण्याआधी ते उलटं करून पाहा. आणि घरातल्या पोरीच्या औषधाला कुलूप लावू नका.