दुरुस्तीची चिठ्ठी

कायद्याच्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या जनकोजींनी काढलेलं ‘घरभाडे कायदा : भाष्य’ शनिवारी बांधून आलं आणि त्याच संध्याकाळी सरकारने तो कायदा बदलला. सोमवारी सुट्टी संपून मद्रासचं हायकोर्ट उघडणार, शेजारचा दुकानदार स्वतःचं भाष्य घेऊन टपलेला. पहिल्या दिवशी वकिलाने ज्याचं पुस्तक उचललं, त्याचंच तो जन्मभर उचलतो.

जनकोजींनी रातोरात नवं कलम चिठ्ठ्यांवर छापून घेतलं आणि रविवारी सगळ्या घराला चिकटवायला बसवलं. झोपाळ्यावर, पलंगावर, तांदळाच्या डब्यावर पुस्तकं वाळत होती. या धांदलीत चार वाजता आपल्या मुलीला, तुळजाला, बघायला माणसं येणार, हे ते साफ विसरले.

माणसं आली. टी. नगरातले घरमालक दत्ताजीराव आणि त्यांचा वकील मुलगा अमरसिंह. बसायला जागा फक्त चिकटवणाऱ्यांच्या रांगेत होती. बसले, तशी आपोआप पुढ्यात पुस्तकं आली. तुळजाच्या आईने, सकवारबाईंनी, एकीकडून सोज्जीचा गोड शिरा सरकवला, दुसरीकडून मैद्याची खळ. दत्ताजीरावांनी दोन्हींचा वास घेऊन मगच चमचा उचलला.

काम झकास चाललं होतं. तेवढ्यात दत्ताजीरावांनी चिठ्ठी वाचली.

“मुलासाठी हवं म्हणून मालकाला भाडेकरू काढता येणार नाही?” त्यांनी ब्रश खाली ठेवला. “मग आमच्या माडीवरचा भाडेकरू निघणार कसा? नवं जोडपं राहणार कुठं? हे मी चिकटवणार नाही.”

“दत्ताजीराव, लग्नाचं मागाहून बघू,” जनकोजी कळवळले. “पण तुमच्या मांडीखाली चिठ्ठ्यांचा अख्खा गठ्ठा आहे.”

“असू दे.”

तुळजा मान खाली घालून चिकटवत होती, ती तशीच दत्ताजीरावांना म्हणाली, “मामा, आम्ही भाड्यानं राहू की. आता कुठल्या मालकाला आपल्या मुलासाठी आम्हाला काढता यायचं नाही.”

अमरसिंह एवढा हसला की त्याची चिठ्ठी उलटी चिकटली.

“सेरी, बरं,” दत्ताजीराव म्हणाले. “जोडपं खाली आमच्यातच राहील. अशी सून बाहेर राहिली तर उद्या माझ्याच भाडेकरूची वकिली करेल.” त्यांनी मांडी उचलली.

सोमवारी कोर्ट उघडायच्या आत पुस्तकं दुकानात मांडलेली होती. एक प्रत मात्र दत्ताजीरावांनी हट्टाने चिठ्ठीविना मागून नेली. त्यांच्या घरी अजून तो जुनाच कायदा चालतो. माडीवरच्या भाडेकरूने वाद नको म्हणून तो मान्य केला आहे, आणि स्वतः माडीवर तसाच राहतो.