मापाने शिवलेली जाहिरात

संशोधकाची एक जागा निघाली आणि संचालक स्वतः जाहिरातीचा मसुदा घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आले. वय अमुकच, विद्यापीठ अमुकच, विषयही अमुकच. त्यांच्या पुतण्याच्या अंगाचं माप घेऊनच ती शिवली होती.

"मॅडम, तुम्ही नुसती सही करा."

माझं डोकंच फिरलं. नियंत्रण अभियांत्रिकी, म्हणजे यंत्रं काबूत ठेवायचं शास्त्र, शिकवता शिकवता केस पिकले माझे, ते काय यांचे पुतणे पोसायला? त्यांचा मसुदा मी टोपलीत टाकला आणि माझा छापायला दिला. त्यात अट एकच होती: आमच्या छोट्या गाडीवर एक काठी उभी असते, गाडी पुढेमागे हलवून ती पडू न देणारा प्रोग्रॅम इथेच बसून लिहायचा.

पुतण्या ऐटीत आला. त्याचा प्रोग्रॅम लावताच गाडी पिसाळल्यासारखी पुढेमागे धावली आणि काठी आडवी झाली. पुन्हा लावला, पुन्हा आडवी. त्याच्यानंतर आलेली मुलगी बाळासाठी दोन वर्षं घरी होती. तिच्या काठीला मी मुद्दाम टिचकी मारली, तर ती डुलली आणि सरळ झाली.

संचालक माझ्यावर खेकसले, "तो कोण आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"मला माहीत आहे, सर," मी म्हटलं. "काठीला सांगून बघा."